चित्राखालची ओळ : 'धनंजय माने' आणि मराठीतील अनामिक विनोदलेखनाचा इतिहास

१

एकच चित्र आणि त्याखाली रोज बदलणारी एक विनोदी ओळ, असा एक लेखनप्रकार गेल्या दोन दशकांत मराठी समाजात रूढ झाला आहे. 'मीम' या नावाने तो ओळखला जातो. मराठीत आज सर्वाधिक प्रमाणात लिहिला आणि वाचला जाणारा विनोदप्रकार कोणता, असा प्रश्न केला तर कथा, विडंबन किंवा ललितलेख यांच्याआधी याच प्रकाराचे नाव घ्यावे लागेल. असे असूनही मराठी समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. लेखकाचे नाव नाही, ग्रंथरूप नाही, कालनिर्देश नाही. आणि ज्या लेखनाला या तीन गोष्टी नाहीत त्याला वाङ्मयीन इतिहासात जागा देण्याची पद्धत मराठीत केवळ लोकसाहित्यापुरतीच मर्यादित राहिली आहे.

'मीम' हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात घडविला. जनुकाप्रमाणे एका मनातून दुसऱ्या मनात अनुकरणाने संक्रमित होणारे सांस्कृतिक एकक, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे महाजालावर तो चित्र आणि ओळ यांच्या जोडीसाठी वापरला जाऊ लागला. मांजरांच्या छायाचित्रांखाली मुद्दाम अशुद्ध इंग्रजीतल्या ओळी लिहिण्याची लाट २००७ च्या सुमारास आली, आणि ठळक पांढऱ्या अक्षरांची एक ठरावीक रूढी त्यातून प्रस्थापित झाली. या अक्षरांसाठी वापरला जाणारा 'इम्पॅक्ट' हा टंक मात्र १९६५ मधला, म्हणजे छापील मथळ्यांच्या जगातला होता. नव्या माध्यमाने आपली अक्षरेसुद्धा जुन्या माध्यमाकडून उसनी घेतली, हा तपशील लहान असला तरी या प्रकाराचा इतिहास कोठे शोधावा याची दिशा तो दाखवितो.

प्रस्तुत विवेचनाचा विषय या प्रकाराचा मराठी पूर्वेतिहास हा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण म्हणजे १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी' या चित्रपटातील स्थिरचित्रे आणि त्यांखाली लिहिल्या जाणाऱ्या ओळी. आणि त्यासाठी निवडलेले स्थळ म्हणजे नवी मुंबई. ही निवड का केली, हे विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

२

चित्र दाखवावे आणि त्याविषयी बोलावे, ही रीत मराठी मुलखाला अपरिचित नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरून कथा सांगत आले आहेत. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. येथे चित्र स्थिर असते आणि शब्द वाहते असतात. चित्र पिढ्यानुपिढ्या तेच; निवेदन मात्र त्या रात्रीचे, त्या गावचे. मुद्रणाने हे नाते उलटविले. छापील व्यंगचित्रात ओळही चित्राइतकीच पक्की झाली, आणि दोहोंची जबाबदारी घेणारा एक संपादक अस्तित्वात आला.

या संपादकीय परंपरेचा एक आरंभ ठाणे खाडीच्या काठी सापडतो. लंडनचे 'पंच' १८४१ मध्ये निघाले. मुंबईत 'पारसी पंच' १८५४ मध्ये आले. आणि १८७० च्या दशकाच्या आरंभी ठाण्याच्या 'अरुणोदय' छापखान्यातून 'हिंदुपंच' निघू लागले. खाडीपलीकडची आजची ऐरोली-बेलापूर पट्टी त्या काळी भातशेती आणि मिठागरे यांची होती. 'हिंदुपंचा'चा विनोद बोचरा होता, आणि त्याला त्याची किंमतही मोजावी लागली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०९ मध्ये त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. विनोदाला पत्ता असला की समन्सही त्या पत्त्यावर येते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी विनोदी चित्राला दिवाळी अंकांनी आश्रय दिला. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या 'आवाज'मधील खिडकीचित्रे या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. कापलेल्या खिडकीतून चित्राचा एक तुकडा दिसतो. वाचक त्यावरून काही चावट अर्थ बांधतो. पान उलटले की तोच तुकडा एखाद्या साध्या, निरुपद्रवी चित्राचा भाग होता असे कळते. विनोद येथे चित्रात नसून चौकटीत आहे. चौकट बदलली की अर्थ बदलतो, हे तत्त्व 'आवाज'च्या वाचकाला घरबसल्या शिकायला मिळाले. याच्या उलट टोकाला शि. द. फडणीस यांची शब्दविरहित व्यंगचित्रे उभी राहतात. त्यांनी ओळ काढूनच टाकली, आणि ओळीवाचून चित्राला किती बोलता येते हे दाखविले. मराठी व्यंगचित्रकलेने ओळीची गरज किती, हा प्रश्न असा दोन्ही टोकांनी सोडवून पाहिला होता.

ओळीचे सामर्थ्य राजकारणात कसे उतरते, याचे उदाहरण 'मार्मिक'ने दिले. बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू केलेल्या या व्यंगचित्र साप्ताहिकात मुंबईतील आस्थापनांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात. त्या सदराचे शीर्षक आधी 'वाचा आणि थंड बसा' असे होते; पुढे ते 'वाचा आणि उठा' असे झाले. यादी तीच, शीर्षक बदलले. उपरोधाचे आवाहन झाले. आणि १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली. शीर्षकबदलाने पक्ष निर्माण झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण एकाच मजकुरावरची ओळ बदलल्याने वाचकाचे त्या मजकुराशी असलेले नाते बदलते, आणि हसणारा वाचक कोणाविरुद्ध हसतो आहे हे त्या ओळीवरून ठरते, इतके या उदाहरणावरून निश्चितपणे म्हणता येते.

३

रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात छापील प्रतिमेखालील शब्दांची दोन कार्ये सांगितली. प्रतिमा बहुअर्थी असते. शब्द नांगर टाकून तिला एका अर्थाशी बांधतात, हे पहिले. शब्द आणि प्रतिमा एकमेकांना पूरक होऊन कथन पुढे नेतात, हे दुसरे. त्याआधी, १९३१ मध्ये, वॉल्टर बेन्यामिन यांनी छायाचित्राखालची ओळ हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग होणार काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. वर्तमानपत्री छायाचित्राला बार्थ यांचे विश्लेषण चपखल लागू पडते. मीमच्या बाबतीत मात्र ते उलटे वाचावे लागते. तेथे चित्र आधीच सर्वांच्या परिचयाचे असते. अनिश्चित असते ती ओळ. म्हणून नांगर टाकण्याचे काम चित्र करते. लावणीत किंवा अभंगात ध्रुवपद जे कार्य करते तेच कार्य येथे चित्राकडे येते: ते परत परत येते, आणि प्रत्येक वेळी नवा अंतरा त्याला जोडला जातो.

असा साचा भरण्याचा खेळ मराठी भाषकाच्या अंगवळणी पडलेला आहे. संस्कृत परंपरेतील समस्यापूर्तीत अखेरचा चरण दिलेला असतो आणि कवीने उरलेले चरण रचायचे असतात. लग्नघरातल्या उखाण्यात यमकाचा साचा ठरलेला असतो. नाव कोठे येणार हेही ठाऊक असते. उत्सुकता असते ती फक्त तेथपर्यंत कसे पोहोचले जाते याची. दोन्ही ठिकाणी नावीन्याचे मूल्यमापन साच्याच्या पार्श्वभूमीवर होते. साचा मोडणारा नव्हे, तर साच्यात राहून अनपेक्षित बोलणारा वाहवा मिळवितो.

याच परंपरेच्या रंगभूमीवरील रूपाशी 'अशी ही बनवाबनवी'चा थेट संबंध आहे. चित्रपटाचे दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचे. संवाद वसंत सबनीस यांचे. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटाचे कथासूत्र त्यात घेतलेले आहे. पण संवादांची घडण पाहिली की सबनीसांच्या आधीच्या कार्याकडे वळावे लागते. 'छपरी पलंगाचा वग' या रचनेतून विकसित झालेले त्यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांच्या अभिनयाने गाजले. तमाशात वगाची गोष्ट ठरलेली असे. बतावणीत आणि वगाच्या आतील मोकळ्या जागांत त्या दिवसाचा, त्या गावचा, त्या पुढाऱ्याचा विनोद भरला जाई. सबनीसांनी ही मोकळी जागा लिखित नाट्यसंहितेत राखून ठेवली. कोंडके प्रयोगागणिक ताज्या घटनांवर शेरे मारू शकत, कारण संहितेनेच त्यांना तशी मुभा दिली होती. लेखकाने चौकट द्यावी आणि ओळ इतरांनी भरावी, ही व्यवस्था सबनीसांच्या लेखणीला आरंभापासून परिचित होती.

१९८८ च्या चित्रपटात घर नसलेले चार मित्र आहेत. पुण्यात खोली मिळत नाही. मिळते ती फक्त विवाहित जोडप्याला. म्हणून दोघे मित्र दुसऱ्या दोघांच्या बायका होतात. धनंजय माने (अशोक सराफ) हा आधी विश्वास सरपोतदार या घरमालकाचा भाडेकरू असतो. त्याचा ठावठिकाणा विचारत परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) त्या घरापाशी येतो, तो प्रश्न आज महाराष्ट्रात म्हणीसारखा वापरला जातो. माने, सरपोतदार आणि मित्रमंडळी यांची स्थिरचित्रे मराठी मीमलेखकांचा ठरीव साठा झाली आहेत.

याच चित्रांची निवड का व्हावी? अभिनेत्यांची लोकप्रियता हे अपुरे उत्तर आहे. लोकप्रिय अभिनेत्यांचे शेकडो चित्रपट विस्मृतीत गेले. अधिक समाधानकारक उत्तर प्रसंगांच्या रचनेत मिळते. मान्याच्या वाट्याला येणारी स्थिती जवळजवळ नेहमी एकच असते: समोर सत्ताधारी व्यक्ती आहे, तिच्यापासून काहीतरी लपवायचे आहे, आणि चेहरा मात्र गंभीर ठेवायचा आहे. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील हे नाते साहेब आणि कारकून, परीक्षक आणि विद्यार्थी, शासन आणि नागरिक यांच्यावर सहज बसते. चित्रातील व्यक्ती विशिष्ट आहेत. नाते सामान्य आहे. ओळ लिहिणारा व्यक्ती तशीच ठेवून नात्याचे नवे टोक दाखवितो. टिकाऊ साचा आणि अल्पजीवी साचा यांतील भेद असा नात्याच्या सामान्यत्वावर आधारलेला आहे.

४

घर न मिळणाऱ्या माणसांच्या या चित्रांचा विचार नवी मुंबईत करणे औचित्यपूर्ण ठरते, कारण हे शहर घराच्या टंचाईतूनच जन्मले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये 'सिडको' स्थापन झाली, आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराची आखणी झाली. मुंबईत न मावणाऱ्यांना येथे घर मिळाले; ज्यांची जमीन गेली त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी झगडावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान येथे गोळीबार होऊन पाच जण मरण पावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. कोणाचे घर कोणाच्या शेतावर, हा या शहराचा मूळ प्रश्न आहे.

मीमच्या प्रसाराशी या शहराचे नाते आणखी एका बाजूने जुळते. रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली, आणि स्वस्त डेटामुळे चित्रांची देवघेव शहरी सुशिक्षितांच्या हातून निघून सर्व थरांत पोहोचली. त्या कंपनीचा मोठा कारभार घणसोलीतून चालतो. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती, तेथे आता माहिती साठविणारी प्रचंड डेटा केंद्रे उभी आहेत. धनंजय माने कोठे राहतात या प्रश्नाचे एक शब्दशः उत्तर असे की, त्यांच्या चित्राच्या अनेक प्रती याच पट्ट्यात राहत असणार.

येथे ओळ कशी घडते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले. गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. समजा, या प्रतीक्षेच्या काळात परशुरामाच्या चित्राखाली कोणी लिहिले, 'मेट्रो इथूनच सुटते का?' या ओळीत विनोदी असा एकही शब्द नाही. ती स्थानकावरच्या कोणत्याही प्रवाशाच्या तोंडी शोभेल. हसू येते ते मूळ प्रश्नाचा लय आणि साचा वाचकाच्या कानात असल्यामुळे, आणि मूळ प्रसंगात विचारणारा चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासमोर विचारत असल्यामुळे. संबंधित यंत्रणा आपोआप सरपोतदारांच्या जागी जाऊन बसते. तिचे नाव घ्यावे लागत नाही. मात्र मेट्रो धावू लागताच ही ओळ निकामी होते. तिच्या आस्वादासाठी चित्रपट आणि तारीख, दोन्ही ठाऊक असावे लागतात.

ओळींच्या भाषेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. आगरी बोली शाळेत लिहिली गेली नाही, वर्तमानपत्रात छापली गेली नाही. चित्राखालच्या ओळीत मात्र ती सहजपणे लिहिली जाऊ लागली आहे. तिचे लेखननियम ठरलेले नाहीत, आणि म्हणूनच प्रत्येक ओळ हा लेखनाचा एक प्रयोग असतो. विनोदाच्या दारातून बोलीने प्रवेश करावा, हे मराठीत नवे नाही. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'ने १९८० मध्ये मालवणीला अशीच वाट करून दिली. विनायक माळी यांच्या आगरी बोलीतील विनोदी चित्रफितींनी अलीकडे तेच केले आहे. तथापि या प्रवेशाची एक अट असते. बोलणारा स्वतःवर आणि सत्तेवर हसतो तेव्हा बोली भाषा म्हणून उभी राहते. प्रमाणभाषक त्या उच्चारावरच हसतो तेव्हा ती नक्कल होते. चित्र एकच असल्यामुळे हा फरक केवळ ओळीवरून ओळखावा लागतो.

असाच घसारा साडीतल्या पुरुषांच्या चित्रांबाबतही दिसतो. चित्रपटात साडी हा निवारा मिळविण्याचा उपाय आहे. त्यामागे घरमालकाच्या अटी आहेत, भाडे आहे, बेकारी आहे. त्यांपासून तुटलेले चित्र पुष्कळदा केवळ बायकी दिसणाऱ्या पुरुषाला हिणवण्यासाठी वापरले जाते. चौकट गळून पडली की उपरोधाची टवाळी होते. साच्याची लवचीकता हा गुण मानणाऱ्यांनी ही त्याची दुसरी बाजूही हिशेबात धरली पाहिजे.

५

'हिंदुपंचा'ला पत्ता होता. मीमच्या ओळीला नाही. अनामिकता हे लोकपरंपरेचे लक्षण म्हणून तिचा गौरव करण्याचा मोह होतो. पण लोकपरंपरेतील अनामिकता आणि ही अनामिकता यांत भेद आहे. ओवी रचणारी स्त्री अनामिक असली तरी ती ज्या जात्यापाशी गाई तेथे सर्व जणी तिला ओळखत. मीमलेखकाला वाचक ओळखत नाही. यंत्रणा मात्र ओळखू शकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली, ती एकीने लिहिलेल्या समाजमाध्यमावरील साध्या टिप्पणीबद्दल आणि दुसरीने तिला दिलेल्या पसंतीबद्दल. त्या प्रकरणी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' खटल्यात घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात असल्याबद्दल त्याच न्यायालयाला २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त करावे लागले. संपादकाच्या काळात जबाबदारी एका ठिकाणी गोळा होई. आता ती ओळ लिहिणारा, पुढे पाठविणारा आणि नुसता दाद देणारा यांच्यात विखुरली आहे. आणि विखुरलेली जबाबदारी सर्वांत दुबळ्याच्या अंगावर पडते.

दुसरीकडे सत्तेनेही हा साचा आत्मसात केला आहे. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ पासून ट्विटरवर शाब्दिक कोट्या आणि चित्रपटांतील चित्रे वापरून वाहतुकीचे नियम सांगण्यास प्रारंभ केला, आणि त्याचे कौतुक झाले. सरपोतदारांनीच मान्याचा विनोद करावा, असा हा प्रकार. भाडेकरूने घरमालकासमोर राखलेला गंभीर चेहरा हा ज्या विनोदाचा आधार, तो विनोद घरमालकाच्या तोंडी गेला की हसू उरते. पण लपवायचे काहीच उरत नाही.

६

या विवेचनातून एक वाङ्मयेतिहासविषयक निष्कर्ष निघतो. चित्राखालची ओळ ही परकी आयात नाही. चित्रकथी, उखाणा, बतावणी, 'हिंदुपंच', 'आवाज' आणि 'मार्मिक' यांनी तिची भूमी तयार केलेली होती. नवे आहे ते हे की, चौकट देणारा लेखक विस्मृतीत जातो, ओळ भरणारा नावाविना राहतो, आणि ओळ स्वतःच काही दिवसांत नाहीशी होते. लोकसाहित्याच्या संकलकांनी ओव्या गोळा केल्या त्या नष्ट होऊ लागल्यानंतर. या ओळींच्या बाबतीत तेवढाही अवधी मिळणार नाही. चित्र, ओळ, तारीख आणि ज्या घटनेवर ती लिहिली गेली ती घटना, अशी चार कलमी नोंद विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आजच ठेवावयास हवी. अन्यथा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात मराठी माणूस कशावर आणि कोणाविरुद्ध हसत होता, हे सांगणारा पुरावा उरणार नाही.

या नोंदवहीच्या पहिल्या पानावर एक नाव मात्र निश्चितपणे लिहिता येते. अशोक सराफ यांना 'महाराष्ट्र भूषण' आणि २०२५ मध्ये 'पद्मश्री' असे सन्मान लाभले, आणि ते यथोचित आहेत. धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारे वाक्य लक्षावधींना पाठ आहे. ते वाक्य ज्या संवादांतून आले त्या संवादांच्या खाली श्रेयनामावलीत असलेली वसंत सबनीस ही ओळ मात्र वाचली जात नाही.